किडनी दिल्यानंतर: खान्देशातल्या दात्यासाठी पहिल्या आठवड्यापासून पुढच्या वर्षांपर्यंत

हा लेख ज्यांनी नुकतीच किडनी दिली आहे किंवा लवकरच द्यायची ठरवली आहे, त्यांच्यासाठी आहे. घरातल्यांनीही वाचावा. किडनी कोणाला देता येते, परवानगी देणाऱ्या कमिटीपुढे काय विचारतात, कागद कोणते लागतात, हे ऑपरेशनच्या आधी सगळे सांगतात. ऑपरेशननंतर देणाऱ्याने काय करायचं, हे मात्र डिस्चार्जच्या दिवशी पाच मिनिटांत उरकलं जातं. घरी आल्यावर पेशंटची, म्हणजे किडनी घेणाऱ्याची, फाइल जाडजूड असते, गोळ्यांचा डबा वेगळा, मोबाइलमध्ये गजर लावलेले. देणाऱ्याकडे एक डिस्चार्ज कार्ड, तेही कुठल्या तरी पिशवीत. मला या लेखातून एवढंच पोचवायचं आहे की दाता आजारी नसला, तरी त्याची स्वतःची फाइल हवी आणि वर्षातून एक दिवस त्याच्यासाठी राखलेला हवा.

आधी मनातली भीती बाजूला करू. एका किडनीवर माणूस पूर्ण आयुष्य जगू शकतो. जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये झालं. रोनाल्ड हेरिक यांनी आपल्या जुळ्या भावाला, रिचर्डला, किडनी दिली. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगले. रोनाल्ड तब्बल ५६ वर्षं एका किडनीवर जगून २०१० साली, वयाच्या ७९व्या वर्षी वारले. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली जिवंत दात्याकडून पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं, तेव्हापासूनचा अनुभव डॉक्टरांच्या गाठीशी आहे.

पण ‘काहीच फरक पडत नाही’ असं कोणी म्हणालं, तर तेही खरं नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा होता: दहा हजार दात्यांमागे आयुष्यभरात साधारण ९० जणांची राहिलेली किडनी निकामी होऊ शकते. तितक्याच निरोगी, पण किडनी न दिलेल्या दहा हजार लोकांमध्ये हा आकडा १४ निघाला आणि तपासणी-निवड न केलेल्या सर्वसाधारण लोकांमध्ये ३२६. म्हणजे दात्याचा धोका कमीच राहतो, कारण मुळात ठणठणीत माणूसच निवडलेला असतो. तरीही किडनी न देता राहिला असता त्यापेक्षा तो थोडा वाढतो. हे आकडे अमेरिकेतले आहेत. आपल्याकडे साखर आणि बीपी ऐन चाळिशीत गाठतात, म्हणून दरवर्षीची तपासणी आपल्या दात्याला जास्तच गरजेची, असं माझं मत आहे.

हॉस्पिटल सोडण्याआधी: कागद हातात घ्या

खान्देशात राहणाऱ्याचं ऑपरेशन बहुधा लांब झालेलं असतं: मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नाहीतर नंदुरबार-धुळ्याकडून सुरत, अहमदाबाद, नडियाद. पुन्हा पुन्हा जाणं परवडत नाही. म्हणून निघतानाच स्वतःच्या नावाने हे मागून घ्या: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद (कोणती किडनी काढली, डावी की उजवी, दुर्बिणीने की मोठा छेद घेऊन), ऑपरेशनच्या आधीचे सगळे रिपोर्ट आणि डिस्चार्जच्या दिवशीचं क्रिएटिनिन (किडनी किती नीट काम करते हे दाखवणारा रक्तातला आकडा). आधीचं क्रिएटिनिन फार मोलाचं आहे. पुढची पंचवीस-तीस वर्षं प्रत्येक नव्या आकड्याची तुलना त्याच्याशी व्हायची आहे. सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढा आणि घरातल्या आणखी एकाकडे पाठवून ठेवा.

शक्यतो डावी किडनी काढतात, कारण तिची शीर लांब असते आणि पेशंटला जोडायला सोपी जाते. हे इथे सांगायचं कारण असं की पुढे कधी पोटाची सोनोग्राफी झाली तर रिपोर्टमध्ये ‘डावी किडनी दिसत नाही’ असं येईल आणि घरात उगाच घबराट होईल. सोनोग्राफीच्या टेबलावर झोपण्याआधीच सांगा की किडनी दान केलेली आहे.

घरी येण्याचा प्रवास

दुर्बिणीने ऑपरेशन झालं असेल तर साधारण तीन ते पाच दिवसांत दात्याला सोडतात, पेशंट मागे राहतो. मग दात्याला कोणाबरोबर पाठवायचं हा प्रश्न येतो आणि ‘ती येईल एकटी, बरी आहे आता’ असा निर्णय होतो. असं करू नका. सोबत एक माणूस हवाच, आणि बॅग त्या माणसाने उचलायची.

रेल्वेने येणार असाल तर खालचा बर्थ मागून घ्या. वरच्या बर्थवर चढताना पोटावर नेमका नको तिथे ताण येतो. सुरतेहून यायचं तर ताप्ती लाइनची गाडी बसपेक्षा बरी. नवापूरकडून कोंडाईबारी घाटातून बसने येताना बसणारे धक्के ताज्या टाक्यांना सोसत नाहीत. गाडी केलीच तर पोट आणि सीट बेल्ट यांच्यामध्ये लहान उशी ठेवा. दर तासा-दीड तासाने गाडी थांबवून पाच मिनिटं चाला. एकाच जागी बसून पायात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. रस्ताभर पाणी पीत राहा. लघवीला थांबावं लागेल म्हणून पाणी टाळणं हा बायांचा नेहमीचा हिशोब असतो, तो या प्रवासात तरी सोडा.

पहिला सव्वा महिना

बाळंतिणीला आपण सव्वा महिना जपतो. हंडा उचलू देत नाही, चुलीपुढे बसू देत नाही, ताट हातात देतो. दात्याला तेवढंच आणि तसंच जपा. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना लगेच पटतं, वेगळं समजवावं लागत नाही. फक्त तुपाच्या लाडवांचा भडिमार नको. वजन वाढलं तर ते पुढे राहिलेल्या किडनीलाच वाहावं लागतं.

पहिले काही दिवस खांदा दुखतो. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा, याने लोक घाबरतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात गॅस भरतात, त्याचा हा त्रास असतो आणि चालण्याने तो कमी होतो. पोट साफ होत नाही, कारण वेदनेची औषधं आणि पडून राहणं. पाणी, पपई, इसबगोल यांनी भागतं, पण कुंथायचं नाही. खोकला आला तर पोटावर उशी घट्ट धरून खोकायचं. हॉस्पिटलने श्वासाचं तीन चेंडूंचं यंत्र दिलं असेल तर ते कपाटात न ठेवता दिवसातून बऱ्याच वेळा वापरायचं. टाक्यांभोवतीची कातडी काही महिने बधिर वाटते, ते चालतं. डावी किडनी दिलेल्या काही पुरुषांना डाव्या अंडकोशात दुखतं किंवा सूज येते. लाजेने कोणी बोलत नाही. ऑपरेशनमध्ये तिकडची शीर बांधावी लागते त्यामुळे हे होतं, आणि बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. तरी डॉक्टरांना दाखवा.

थकवा मात्र खरा असतो आणि लांबतो. सकाळी बरं वाटतं, दुपारी एकदम हातपाय गळतात. काहींना चार-सहा आठवडे, काहींना तीन-चार महिने. याचा अर्थ किडनी कमी पडतेय असा नाही. शरीर ऑपरेशनमधून सावरत असतं. रोज थोडं जास्त चालायचं, आणि दमलं की झोपायचं.

खालीलपैकी काही झालं तर मात्र उद्याची वाट न बघता दवाखाना गाठा आणि ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटललाही फोन करा:

- १००.४ फॅरेनहाइटच्या वर ताप
- टाक्यातून पू, लाली, किंवा टाका उघडणं
- एकाच पायाची पोटरी सुजणं, दुखणं
- धाप लागणं, छातीत दुखणं
- लघवी खूप कमी होणं किंवा बंद होणं, लघवीतून रक्त
- उलट्या न थांबणं, पोट फुगून टणक होणं

कामावर कधी जायचं

टेबलावरचं काम असेल तर तीन-चार आठवड्यांनी जमतं. मोटारसायकल महिनाभर तरी नको. खेड्यातल्या रस्त्यावरचा एक खड्डा टाक्यांना पुरतो. पहिले सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही. भरलेली कळशी याहून जड असते. धुण्याची ओली बादली तशीच, आणि नातू किंवा लेकरू कडेवर घेणंही त्यातच आलं.

शेतात राबणाऱ्याचं गणित वेगळं. रावेर-यावलकडे केळीचा घड वीस-पंचवीस किलोचा असतो, आणि तो उचलून खांद्यावर घेतानाचा झटका थेट पोटाच्या स्नायूंवर येतो. अशा कामाला किमान तीन महिने द्या आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय हात लावू नका. घाई केली तर टाक्याच्या जागी हर्निया होतो, म्हणजे पुन्हा ऑपरेशन. निंदणी-खुरपणीसारखं वाकून करायचं काम त्याआधी, थोडं थोडं सुरू करता येतं. कापसावरची फवारणी दात्याने शक्यतो दुसऱ्यावरच सोपवावी. कीटकनाशकं आणि तणनाशकं अंगात गेली तर किडनीला मार बसतो. करणं भागच असेल तर तोंडाला मास्क, हातात मोजे, अंगभर कपडे, आणि वाऱ्याच्या उलट दिशेने कधीच नाही.

ऑपरेशनची तारीख हातात असेल तर हंगाम बघून ठरवा. लावणी किंवा कापूस वेचणीच्या तोंडावर ऑपरेशन झालं, तर घरचा माणूस विसाव्या दिवशीच शेतात दिसतो. कितीही समजावलं तरी पीक उभं असताना शेतकरी घरात बसत नाही.

तीन-चार महिन्यांनंतर बहुतेक दाते पूर्वीचं सगळं काम करू लागतात. ‘किडनी दिली म्हणजे आता जन्मभर हलकंच काम’ ही समजूत चुकीची आहे. व्यायाम, पोहणं, सायकल चालतं. फक्त पोटावर-कमरेवर थेट मार बसेल असे खेळ टाळा.

दोन ताटं, दोन पथ्यं

ज्या घरात डायलिसिस झालेलं आहे, त्या घरात पथ्याची दहशत असते. पाणी मोजून, केळी बंद, डाळ कमी, नारळपाणी बंद. हे सगळं आपोआप दात्यालाही लागू केलं जातं. दात्याची राहिलेली किडनी नीट काम करत असते, म्हणून यातलं काहीही त्याला लागत नाही. केळी खा. ती पेशंटला बंद होती, कारण निकामी किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. तुमची टाकते. वरणही खा, कळण्याची भाकरीही खा. शरीराच्या गरजेइतकी प्रथिनं चालतात. फक्त जिममध्ये मिळणाऱ्या प्रोटीन पावडरी आणि क्रिएटिन नको.

दात्याने खरा आळा घालायचा तो मिठाला. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एक चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा आहे. आपल्या ताटात ती कुठे ओलांडली जाते बघा: ठेचा, लोणचं, शेवभाजी, वर पापड. पापडात मीठ तर असतंच, शिवाय पापडखार असतो आणि त्यातही सोडियमच. हे सगळं सोडा असं मी सांगणार नाही. सोडवतच नाही आपल्याला. एका जेवणात यातलं एकच घ्या आणि वरून मीठ घेण्याची सवय मोडा. भरीत बिनधास्त खा, वांग्याने किडनीला काही होत नाही.

तंबाखू, बिडी, गुटखा, मिशेरी मात्र पूर्ण बंद. यात मधला मार्ग नाही. ऑपरेशनच्या आधी सोडलेली असते, घरी आल्यावर पारावर पुन्हा सुरू होते.

ऊन

हे वेगळं लिहिलंय कारण मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलच्या छापील माहितीपत्रकात ते नसतं. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या घरात जातो. अंगातलं पाणी आटलं की किडनीला रक्त कमी मिळतं. दोन असताना एकीवर आलेला ताण दुसरी वाटून घेते. दात्याला तशी वाटणी नाही.

एरवी दिवसाला दोन ते अडीच लिटर पाणी पुरतं. उन्हाळ्यात बाहेरचं काम असेल तर त्याहून बरंच जास्त लागतं. लिटर मोजण्यापेक्षा लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद झाला तर पाणी कमी पडतंय. तहान नसताना तांब्यामागून तांब्या रिचवण्याचीही गरज नाही. सकाळी अकरा ते चार शेतातून, बांधकामावरून बाजूला व्हा. ताक, पन्हं चांगलं, मीठ चिमूटभरच.

सर्वांत जपायचं ते जुलाब-उलट्यांत. लग्नसराईत बाहेरचं जेवण, उघडं पाणी, आणि दुसऱ्या दिवशी हगवण, हे दरवर्षीचं आहे. दात्याने लगेच ओआरएस सुरू करायचं आणि अर्ध्या दिवसात पोटात काही टिकत नसेल तर सलाइनसाठी दवाखान्यात जायचं. सर्पदंशातही, विशेषतः घोणस चावली तर, किडनीवर घाव बसतो. गावात प्रयोग न करता थेट सरकारी दवाखाना, आणि दारातच सांगायचं की किडनी एकच आहे.

मेडिकलवरून गोळी आणण्याआधी

डोकं, कंबर, गुडघे दुखले की आपण मेडिकलवर जाऊन ‘दुखण्याची गोळी द्या’ म्हणतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड, असेक्लोफिनॅक या गटातल्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. कॉम्बिफ्लाम, व्होवेरान ही ओळखीची नावं याच गटातली. दात्यासाठी पॅरासिटामॉल बरी, तीही ठरलेल्या प्रमाणात. गावातला डॉक्टर ‘एक इंजेक्शन देतो, लगेच मोकळं वाटेल’ म्हणतो, ते बहुधा डायक्लोफिनॅकच असतं. जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिक्सही जपून द्यावी लागतात. सीटी स्कॅनला शिरेतून औषध सोडतात तेव्हाही आधी क्रिएटिनिन बघून घ्यायला सांगा. ॲसिडिटीच्या गोळ्या महिनोन्महिने आपल्याच मनाने घेऊ नका.

जडीबुटी आणि भस्मांबद्दलही स्पष्ट सांगते. आठवडे बाजारात ‘किडनी साफ करणारी’ पुडी मिळते. त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. काही वनस्पतींनी किडनी कायमची खराब होते, आणि नीट न बनवलेल्या भस्मांत शिसं-पारा सापडतो. किडनीला साफ करण्याची गरजच नसते, शरीर साफ करणं हे तिचंच काम आहे.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: माझी एक किडनी दान केलेली आहे, कोणत्या बाजूची, ऑपरेशनचं वर्ष, रक्तगट, घरच्यांचा नंबर. अपघातात बेशुद्ध पडलात तर ही चिठ्ठी तुमच्या वतीने बोलेल.

तपासणी आणि आकडे कसे वाचायचे

पहिली भेट आठवडा-दोन आठवड्यांत, मग डॉक्टर सांगतील तशा एक-दोन, सहा महिन्यांनी एक, वर्षाने एक, आणि नंतर दरवर्षी जन्मभर. वार्षिक तपासणीत फार काही नसतं: बीपी, वजन, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन (लघवीतून जाणारं एक प्रथिन), साखर. यासाठी मुंबईला जायची गरज नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत आहेत. तिथे करा, रिपोर्ट फाइलला लावा आणि आकडा बिघडला तरच किडनीच्या डॉक्टरांकडे जा. तारीख लक्षात राहत नसेल तर एखाद्या सणाला जोडा. अक्षय तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, सासुरवाशिणी माहेरी येतातच. माहेरच्या माणसांनी तेव्हा तिची तपासणी करून घ्यावी.

आता आकडे. किडनी काढली की गाळण्याची ताकद लगेच जवळपास निम्मी होते. मग राहिलेली किडनी आकाराने वाढते, जास्त काम अंगावर घेते आणि काही आठवड्या-महिन्यांत एकूण ताकद पूर्वीच्या साधारण ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत येते. म्हणून क्रिएटिनिन पूर्वीपेक्षा थोडं जास्तच राहतं. आधी ०.८ असेल तर १.१ किंवा १.२ दिसेल. लॅबच्या कागदावर ईजीएफआर, म्हणजे गाळण्याच्या ताकदीचा अंदाज, ६० च्या खाली गेला की शेजारी ‘किडनीचा आजार, तिसरी पायरी’ असं छापून येतं. लॅबच्या मशिनला माहीत नसतं की तुम्ही किडनी दिलेली आहे. हा कागद पाहून रात्रभर रडलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. एका आकड्यावरून काहीच ठरत नाही. पहिल्या वर्षाच्या अखेरीस जो आकडा स्थिरावला तो तुमचा आकडा. तो तिथेच टिकून आहे ना आणि लघवीत अल्ब्युमिन जात नाही ना, हे बघायचं.

बीपी १३०/८० च्या खाली राहिलेलं चांगलं. बीपी वाढल्याचं अंगाला कळत नाही, म्हणून शक्य असेल तर घरी मशिन घ्या. पेशंटसाठी घेतलेलं असतंच, त्याच मशिनवर महिन्यातून एकदा तुमचंही मोजा.

मनाचं दुखणं

इथे मला जरा थांबायचं आहे. आपल्याकडे देणारी बहुतेक वेळा बाई असते, आई किंवा बायको, आणि घेणारा पुरुष. ऑपरेशननंतर भेटायला येणारे पाहुणे फळांची पिशवी घेऊन पेशंटच्या खोलीत जातात. देणारी चहा करत असते. ‘तुनं कसं काय शे?’ असं तिला कोणी विचारलंच, तर ती पटकन म्हणते, ‘मले काय व्हस, मी धडधाकट शे.’ पुढचं कोणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही.

बहुतेक दाते पुढे सांगतात की पुन्हा वेळ आली तरी आम्ही किडनी देऊ. हे खरं आहे आणि ते समाधान मोठं असतं. पण पहिल्या काही महिन्यांत उदास वाटणं, झोप न लागणं, कारण नसताना रडू येणं हेही अनेकांना होतं. इतके महिने सगळं घर एका तारखेकडे बघत असतं. ती तारीख गेली की पेशंटची काळजी सुरू राहते आणि दाता मात्र एकदम रिकामा पडतो. त्याने स्वार्थी ठरत नाही कोणी.

नात्यातही बदल होतात. घेणाऱ्याच्या मनावर उपकाराचं ओझं असतं, ते कधी चिडचिडीतून बाहेर पडतं. देणाऱ्याला वाटतं, मी शरीराचा भाग दिला आणि हा गोळ्या वेळेवर घेत नाही, चोरून गुटखा खातो. भांडणात एकदा ‘मी किडनी दिली’ हे वाक्य आलं, की ते दोघांनाही फार दिवस सलतं. म्हणून आधीच ठरवा: गोळ्यांवर लक्ष ठेवण्याचं काम देणाऱ्याकडे नको. मुलाकडे द्या, भावाकडे द्या.

आणि कधी बसवलेली किडनी चालत नाही. सगळी काळजी घेऊनही शरीर तिला नाकारतं किंवा काही वर्षांनी ती थकते. तेव्हा सगळं घर पेशंटच्या दुःखात असतं आणि दात्याचं वेगळं दुःख कोणाच्या ध्यानात येत नाही. तुमच्या किडनीत खोट होती असा याचा अर्थ होत नाही. शरीराने परकी किडनी नाकारणं किंवा मूळ आजार परतणं ही कारणं घेणाऱ्याच्या शरीरात असतात. हे डॉक्टरांच्या तोंडून ऐका, मुद्दाम वेळ मागून. मन सावरत नसेल तर टेली मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं. दोन-तीन आठवड्यांहून जास्त दिवस जेवण-झोप बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जा.

नवऱ्यांना, मुलांना, दीर-भावांना माझी हात जोडून विनंती आहे. ‘तुला काय वाटतंय’ हा प्रश्न तिला एकटीला गाठून विचारा, आणि पहिलं उत्तर खरं मानू नका.

मूल हवं असेल तर

किडनी दिल्यावर मूल होतं, बाळंतपण बहुतेकींचं व्यवस्थित होतं. पण ऑपरेशननंतर किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर थांबा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात, गरोदरपणात बीपी वाढण्याचा त्रास किडनी दिलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ११ टक्के जणींना आणि न दिलेल्यांपैकी सुमारे ५ टक्के जणींना झाला. म्हणून पहिल्याच महिन्यात नाव नोंदवा, आशाताईला किडनीबद्दल सांगा, दर भेटीत बीपी आणि लघवी तपासा, आणि बाळंतपण सगळ्या सोयी असलेल्या रुग्णालयातच करा. लग्न न झालेल्या मुलीने भावाला किडनी द्यायची वेळ आली, तर हे तिला देण्याआधी कळलं पाहिजे. लपवून लग्न जमवणं हा तिच्यावरच अन्याय आहे. शरीरसंबंध चार-सहा आठवड्यांनी, दुखत नसेल तेव्हा सुरू करता येतात.

रजा, मजुरी, विमा

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याने अवयव दिला तर ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते, असा आदेश २०२३ साली निघाला. ती साधारणपणे हॉस्पिटलात भरती झाल्या दिवसापासून, एकाच वेळी घ्यायची असते. गरज असल्यास डॉक्टरांच्या शिफारशीने ऑपरेशनच्या आठवडाभर आधीपासूनही मिळू शकते. भुसावळच्या रेल्वेवाल्यांनी आपल्या कार्यालयात आधीच लेखी विचारून घ्यावं. राज्य सरकारी आणि खासगी नोकरीत नियम वेगवेगळे, तेव्हा ऑपरेशनआधीच अर्ज करा.

मजुरीवर जगणाऱ्या दात्याच्या बुडालेल्या रोजाचं काय? लोक पैशाचा विषय काढायला घाबरतात, गुन्हा होईल म्हणून. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार अवयवाची किंमत घेणं-देणं गुन्हाच आहे, त्याला पाच ते दहा वर्षं कैद आणि जबर दंड आहे. पण अवयव देण्यामुळे थेट झालेला खर्च आणि बुडालेली कमाई भरून देणं त्या ‘किमती’त मोडत नाही, असं कायद्यातच म्हटलं आहे. भाऊ भावाच्या तीन महिन्यांच्या मजुरीचा वाजवी हिशोब करून देत असेल, तर त्यात चोरी नाही. प्रवासाच्या तिकिटांच्या आणि औषधांच्या पावत्या ठेवा, रक्कम वहीत लिहा.

पेशंटच्या आरोग्य विम्यात दात्याच्या ऑपरेशनचा खर्च अनेकदा धरलेला असतो, पण दात्याचा नंतरचा त्रास किंवा तपासणी बहुतेक पॉलिसींत नसते. दात्याचा स्वतःचा विमा असेल तर तो खंडित होऊ देऊ नका. नवा घेताना किडनी दिल्याचं खरं लिहा. लपवलं तर पुढे दावा नाकारायला कंपनीला कारण मिळतं.

शेवटची नोंद अशा गोष्टीची, जी कोणावर येऊ नये, पण कळलेली असावी. पुढे कधी दात्याचीच किडनी निकामी झाली आणि मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी यादीत नाव लावावं लागलं, तर पूर्वी किडनी दिलेली असल्याचे त्याला जादा गुण मिळतात. त्यासाठी दान केल्याचा पुरावा लागतो. ऑपरेशनची नोंद आणि मंजुरीच्या कागदाची एक साक्षांकित प्रत म्हणूनच जमिनीच्या उताऱ्यांबरोबर ट्रंकेत ठेवा आणि ती कुठे आहे हे मुलांना सांगून ठेवा.